काट्याचा नायटा, मुक्काम कार्दामिली

आमचा भाचा म्युनिकला मोटारींच्या कारखान्यात आहे आणि दर रविवारी व्हिडिओ कॉलवरून तो आम्हा दोघांच्या आयुष्याला शिस्त लावत असतो. मी निवृत्त झाल्यावर त्याची खात्री पटली की मामाला विश्रांतीची गरज आहे. खरं म्हणजे विश्रांती मी नोकरीतच भरपूर घेतली होती. पण तोवर तिकिटं काढून झाली होती.

“मामा, अथेन्स एकदाचं बघून टाका आणि सरळ कार्दामिलीला जा. ग्रीसच्या दक्षिणेला, मानी म्हणून भाग आहे. छोटं गाव, चार होड्या, गोट्यांचा किनारा. काही करायचं नाही, नुसतं पडून राहायचं. आणि वॉटर शूज घ्या. तिथे वाळू नाहीये.”

“बूट घालून समुद्रात?”

“सगळे घालतात, मामा.”

इथे माझ्या तळव्यांविषयी थोडं सांगणं भाग आहे. माझं बालपण गुहागरला गेलं. कातळावरून, करवंदीच्या जाळ्यांतून, मे महिन्यातल्या तापलेल्या पुळणीवरून मी अनवाणी हिंडलो आहे. पोहायला शिकलो तो विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून. आमच्या शाळेत चपला घालून येणारा मुलगा आजारी समजला जाई. माझ्या तळव्यात बाभळीचा काटा शिरायचा झालाच, तर आधी परवानगी काढत असे. मधली सगळी वर्षं हे तळवे पुण्यात, बँकेच्या पंख्याखाली, मोज्यांत होते ही गोष्ट खरी. पण घेतलेलं शिक्षण कुठे जात नाही. तेव्हा मी बूट घेतले नाहीत. बायकोने स्वतःपुरते घेतले, गुलाबी. त्या गुलाबी रंगावर मी केलेला प्रत्येक विनोद तिने लक्षात ठेवला आणि पुढे एकेक करून व्याजासकट परत केला.

अथेन्सला अ‍ॅक्रोपोलिस पाहिलं. चांगलं आहे, चढ आहे. तिथून बसने कालामाता. काळ्या ऑलिव्हसाठी हे शहर जगभर प्रसिद्ध आहे, पण सासूबाईंनी फोनवर नाव ऐकलं आणि हात जोडले. “दर्शनाला गर्दी आहे का हो?” त्यांनी विचारलं. त्यातून आम्ही पुढे ज्या बसमध्ये बसलो तिच्या पाटीवर शेवटचा थांबा होता स्तूपा. ते समुद्रकाठचं गाव आहे. 1917 मध्ये निकोस काझान्त्झाकिस या लेखकाने त्याच्या जवळ झोर्बास नावाच्या माणसाला बरोबर घेऊन लिग्नाइटची खाण चालवली होती, आणि झोर्बाची कादंबरी त्यातूनच पुढे आली. हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं नाही. कालामाता आणि स्तूपा एकाच बसच्या मार्गावर आहेत, एवढ्यावर त्यांची ग्रीसविषयी जी श्रद्धा बसली होती ती मोडण्यात काही अर्थ नव्हता.

अंतर पस्तीसेक किलोमीटर, पण रस्ता असा वळसे घेत जातो की एकच खाडी आपण चारही बाजूंनी पाहतो. डावीकडे तायगेतोसचा डोंगर, शिखर 2400 मीटरच्या वर. उजवीकडे मेसिनियाचं आखात. मधे आमची बस आणि एका हाताने फ्रापे कॉफी पिणारा ड्रायव्हर.

कार्दामिलीचं नाव होमरच्या ‘इलियड’मध्ये आहे. अकिलीस रुसून बसतो तेव्हा त्याची समजूत घालायला आगामेम्नॉन सात गावं देऊ करतो, त्यांतलं हे एक. अकिलीस ती घेत नाही. फुकट मिळणारं समुद्रकाठचं गाव कोणी नाकारतं का, असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही. ज्याची फक्त टाचच नाजूक, त्याने गोट्यांच्या किनाऱ्याचं गाव घेऊन करायचं काय?

गाव बघायला अर्धा तास पुरतो. दगडी बुरूज, सेंट स्पिरिडॉनचं चर्च, वर डोंगराच्या अंगाला खडकात कोरलेल्या दोन कबरी. त्या कॅस्टर आणि पोलक्स या जुळ्या भावांच्या, असं गावकरी सांगतात. 1821 च्या जानेवारीत तुर्कांविरुद्धच्या लढ्याचा सेनानी कोलोकोत्रोनिस याच गावात उतरला आणि मार्चमध्ये कालामाता मोकळं झालं. मानीची माणसं भांडखोर म्हणून नावाजलेली. शेजाऱ्याशी पिढ्यान्‌पिढ्या वैर नीट चालवता यावं म्हणून ती घरांऐवजी बुरूज बांधत. आपण हेच काम सोसायटीच्या वार्षिक सभेत उरकतो.

आता किनारा. गावाला लागूनच उत्तरेला रित्सा नावाचा लांबच लांब किनारा आहे. मागे ऑलिव्हची झाडं, त्यांच्यामागे डोंगर, पुढे पाणी, आणि मधे गोटे. पांढरे, राखाडी, मधूनच एखादा तांबूस; काही सुपारीएवढे, काही नारळाएवढे. तायगेतोस चुनखडीचा आणि संगमरवराचा. हिवाळ्यात घळींमधून पाणी सुटतं ते डोंगराचे तुकडे घेऊन खाली येतं आणि लाटा ते एकमेकांवर घासत बसतात. वाळू नसल्यामुळे पाणी गढूळ होत नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून आपल्या पायाची नखं कापायची झाली आहेत की नाहीत ते बघता येतं.

पोहोचल्या पोहोचल्या मी कोकणी माणसाला साजेसा पहिला प्रश्न विचारला. जाळं निवडत बसलेल्या एका कोळ्याला हातवारे करून म्हटलं, ओहोटी कधी? त्याला कळेना. मी पाणी मागे जातं, पुढे येतं असं करून दाखवलं. त्याने लाटेकडे बोट दाखवलं: हे काय, जातंय, येतंय. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. बहुतेक ठिकाणी वीतभर पाणी चढतं-उतरतं, बस्स. मला हे भूगोलाच्या पुस्तकातून माहीत होतं, पण डोळ्यांनी बघून धक्का बसला. उधाणाच्या दिवशी मुंबईत भरती साडेचार मीटरच्या वर जाते. आमच्याकडे तिथी बघितल्याशिवाय कोणी होडी काढत नाही. आणि इथे समुद्र रोज सकाळी होता तिथेच! एवढ्या मोठ्या समुद्राने असं सरकारी नोकरासारखं जागेवर बसून राहावं, हे मला मनापासून पटलं नाही.

असो. मी सदरा काढला, चष्मा बायकोकडे दिला आणि अनवाणी निघालो.

गोट्यांवरून चालण्याची एक पद्धत असते, ती मला नंतर कळली. त्या दिवशी मी गुहागरच्या पद्धतीने निघालो, म्हणजे छाती काढून. तिसऱ्या पावलाला छाती आत गेली. पाचव्याला दोन्ही हात आपोआप पसरले. पुढे पुढे तर मी कंबरेत वाकून, गुडघे बाहेर काढून, कोणाची तरी क्षमा मागत असल्यासारखा पाण्याकडे सरकत होतो. किनाऱ्यावर मोजकीच माणसं होती, बहुतेक जर्मन किंवा डच, आणि प्रत्येकाच्या पायात बूट. त्यांनी पुस्तकं खाली केली. मी चेहरा प्रसन्न ठेवला. मागून आवाज आला, “अहो, माझे घालता का? ताणले जातात ते.”

गुलाबी बूट. भर भूमध्य समुद्रात. मी ऐकलं नाही असं दाखवून वेग वाढवला.

पाण्यात शिरल्यावर मात्र सुख होतं. सप्टेंबरातलं पाणी, उन्हाळाभर तापून निवलेलं. मी उताणा तरंगलो, डोंगराकडे बघितलं, डबा न बांधता तरंगतोय याचा थोडा अभिमानही बाळगला. किनारा संपतो तिथे खडक आहेत. त्या बाजूला वाहत गेलो आणि तिथेच उभं राहावं असं मनात आलं. खाली काळपट गोल काहीतरी दिसत होतं. चष्मा नसताना ते कोणालाही शेवाळ वाटलं असतं. या मुद्द्यावर माझं आणि बायकोचं अजून एकमत नाही.

मी उजवी टाच टेकवली.

जे ओरडलो ते मराठीत, त्यामुळे किनाऱ्यावरची सभ्यता टिकून राहिली.

“काय झालं हो?”

“काही नाही!”

“मग एका पायावर का उभे आहात?”

समुद्रात एका पायावर उभं राहण्याला काही सयुक्तिक कारण सुचेना. तेवढ्यात लाट आली आणि तो एक पायही सुटला. दोन डच तरुण बूट वाजवत पाण्यात आले आणि मला खांद्यांना धरून बाहेर घेऊन गेले. बायकोने टाच बघितली. काळे ठिपके, काहींतून बारीक काडी बाहेर आलेली. ती म्हणाली, “बाभळीने परवानगी मागितली होती ना? याने नाही मागितली वाटतं.”

तो प्राणी म्हणजे सी अर्चिन. चेंडूएवढा, सर्वांगाला काटे, खडकावर बसून शेवाळ खाणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तो माझ्या अंगावर आला नव्हता हे मला मान्य आहे. पण पायाखाली माणूस येतोय हे दिसत असताना किंचित बाजूला व्हायला काय झालं होतं?

पुढचा सगळा दिवस माझी टाच ही सार्वजनिक मालमत्ता झाली. डच तरुणांनी मला जवळच्या कॉफीच्या दुकानात नेऊन बसवलं. तिथे तावलीचा डाव रंगला होता. दोन म्हातारे फासे टाकत होते, चार म्हातारे त्यांना चुका सांगत होते. माझा पाय खुर्चीवर ठेवला गेला आणि डाव थांबला. मालक आत जाऊन ऑलिव्ह तेलाची बाटली घेऊन आला. तेल लाव, झाकून ठेव, उद्यापर्यंत काटे आपोआप वर येतील, असं त्याचं म्हणणं. दुसरा म्हणाला, तेल कसलं, लिंबू. तिसरा कोळी होता. त्याने दोघांनाही हाताने बाजूला केलं आणि म्हणाला, व्हिनेगर. यावर बोलाचाली सुरू झाली. मानीत पूर्वी बुरूज कसे उभे राहिले असतील हे मला तिथे बसल्या बसल्या समजलं. शेवटी कोपऱ्यातला सर्वांत वयस्कर गृहस्थ पुढे झुकला आणि आवाज खाली आणून एक उपाय बोलला. बायकोने भाषांतरासाठी फोन पुढे धरला होताच. फोनमधल्या बाईने तो उपाय खणखणीत आवाजात सगळ्या दुकानाला ऐकवला: जखमेवर लघवी करावी. कोणी करावी याबद्दल फोन गप्प राहिला. त्या विषयावर स्वयंसेवक पुढे येण्याआधी मी लंगडत बाहेर पडलो.

हिरव्या क्रॉसच्या पाटीखाली फार्मसी होती. तिथल्या बाईंना इंग्रजी येत होतं आणि त्यांना माझ्याविषयी काडीचीही सहानुभूती नव्हती, त्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला. त्या म्हणाल्या, हा काटा कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडीचाच, ठिसूळ. चिमट्याने ओढला की मोडतो आणि आत राहतो. म्हणून व्हिनेगरचं म्हणणं वेडगळ नाही, आम्लाने तो मऊ पडतो. वेदनेला सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय. तेलाने कातडी नरम होते, काटा विरघळत नाही. उथळ असतील ते सुईने काढा, खोल गेलेत त्यांना हात लावू नका, सूज किंवा ताप आला तर डॉक्टर. मग भिंगातून बघून म्हणाल्या, “यातले निम्मे काटे नाहीतच. नुसता रंग आहे. काटा शिरून बाहेर पडला की डाग सोडून जातो.”

हे मला अन्यायकारक वाटलं. भोगायचं ते मी भोगलं होतं. हिशोब धरताना निम्मेच धरायचे?

रात्री सासूबाईंचा फोन. टाच कॅमेऱ्यासमोर धरण्यात आली. “रुईचा चीक लावा जावईबापू. सकाळपर्यंत काटा तोंडाशी येतो. रुई आहे ना तिथे?” नाही म्हटलं. “देवळाच्या मागे बघा, असते,” त्या म्हणाल्या. कालामातेच्या देवळामागे असेल, असा त्यांचा होरा असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या गावाला माहीत झालेलं होतं. पाववाला, पोस्टातली बाई, काळी टोपी घातलेले पाद्री, सगळे माझ्या पायाकडे बघून “पेरास्तिका” म्हणत होते. लवकर बरं वाटो. एका पर्यटकाने न विचारता टाचेचा फोटो काढला. तोच नंतर किनाऱ्यावर पिशवी घेऊन गोटे निवडताना दिसला, आणि का कोण जाणे, माझं डोकं सणकलं. डोंगराने सोडलेला, पाण्याने किती पिढ्या घासलेला दगड उचलायचा आणि घरच्या बाथरूमच्या खिडकीत ठेवायचा, धूळ खायला! याच ग्रीसमध्ये स्कियाथोस बेटावरच्या लालारिया किनाऱ्यावरून गोटे नेले तर दंड होतो. लोकांनी नेऊन नेऊन किनारा झिजायला लागला, म्हणून. मी बायकोला हे तावातावाने सांगत होतो. तिने काही न बोलता पर्समधून एक काळाभोर, गुळगुळीत दगड काढला. देवघरासाठी घेतला होता, शाळिग्राम म्हणून. दोन बोटांत फिरवून पुन्हा एकदा बघितला आणि होता तिथे ठेवून आली. परत येऊन म्हणाली, “तुमचं दुखतंय तर माझ्यावर कशाला काढता?”

दुपारी कॉफीवाल्याने निरोप पाठवला: आईकडे या.

आई ऐंशीच्या पुढच्या. अंगावर काळे कपडे, बहुधा नवरा गेल्यापासूनचे. दुकानामागच्या अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली बसलेल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. समोरची खुर्ची दाखवली आणि स्वतःच्या मांडीवर थाप मारली. पाय इथे.

मी हादरलो. ज्या संस्कारांत वाढलो त्यांत वडीलधाऱ्यांना चुकून पाय लागला तर लगेच हात लावून नमस्कार करायचा. आजीच्या वयाच्या बाईच्या मांडीवर, आणि तोही लंगडत गावभर फिरवून आणलेला पाय? मी नको नको म्हणत राहिलो. त्यांनी माझ्या पोटरीवर चापट मारली, घोटा धरला आणि पाय ओढून मांडीवर घेतला. चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला. बारीक सुई लायटरवर धरली, फडक्याने पुसली आणि तांदूळ निवडावेत तशा त्या माझी टाच निवडायला बसल्या. सुई काट्याखाली आडवी घालायची, वरची कातडी किंचित उचलायची, मग अंगठ्याच्या नखाने हळूच ढकलायचं. काटा जांभळट काळा, टोकाशी केसाएवढा. निघाला की त्या तो बशीच्या कडेला पुसत आणि “ए-ना” म्हणत. पुढचाही “एना”च. आकडा वाढवण्यात त्यांना रस नसावा.

काम करता करता त्यांनी विचारलं, कुठले? इंडिया म्हटल्यावर सुई थांबली.

“नार्गिस!” त्या म्हणाल्या.

मला आधी हे दुखण्याचं ग्रीक नाव वाटलं. बायको पटकन म्हणाली, “नर्गिस! अहो, ‘मदर इंडिया’!” म्हातारीने छातीवर हात ठेवला, डोळ्यांखालून बोट ओढून अश्रू कसे वाहत होते ते दाखवलं. 1950 च्या दशकाच्या मध्यापासून दहा-बारा वर्षं ग्रीसमध्ये हिंदी सिनेमांचं वेड होतं, हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. युद्धात आणि त्यानंतरच्या यादवीत होरपळलेला देश. कर्ज, दुष्काळ, एकटी आई, परगावी गेलेली मुलं हे सगळं त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण वाचणं वेगळं आणि आपला पाय जिच्या मांडीवर आहे त्या बाईने नर्गिससाठी डोळे पुसणं वेगळं.

मग त्या गुणगुणायला लागल्या. शब्द ग्रीक, त्यात ‘मादुवाला, मादुवाला’ असं येत होतं. चाल मात्र ओळखीची. बायकोने दोन ओळी ऐकल्या आणि त्याच चालीवर हिंदी शब्द सुरू केले. स्टेलिओस काझान्त्झिदिस या तिथल्या फार मोठ्या गायकाचं 1959 मधलं हे गाणं. नाव मधुबालेवरून, चाल ‘आवारा’तल्या लताबाईंच्या गाण्याची. बायको लग्नाआधी गायची. लग्नानंतर मी कधी विचारलं नाही आणि तिने कधी सांगितलं नाही. त्या मांडवाखाली ती डोळे मिटून गात होती, म्हातारी ग्रीकमध्ये तिच्या मागून जात होती, मधेच दोघींचे स्वर गाठ पडल्यासारखे एकत्र येत आणि दोघी हसत. आतून कॉफीवाला ट्रे घेऊन येऊन दारातच उभा राहिला.

माझ्या टाचेत सुई अर्धवट होती. मी सांगायचं टाळलं.

गाणं संपल्यावर म्हातारीला माझी आठवण झाली आणि राहिलेलं काम तिने जरा घाईनेच उरकलं. खोल गेलेले तसेच ठेवून वर व्हिनेगरची घडी बांधली. निघताना मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. त्या घाबरल्या, त्यांना वाटलं मी पुन्हा पडलो. पैसे विचारायची माझी हिंमत झाली नाही, बायकोची झाली, आणि तिलाही पोटरीवर चापट मिळाली.

संध्याकाळी बंदरावर व्हिनेगरवाल्या कोळ्याने मला हाक मारली. त्याचा उपाय फार्मसीने उचलून धरल्यामुळे तो माझ्यावर खूश होता. त्याच्याकडे बादलीत जांभळट अर्चिन होते. कात्रीने त्याने एकाचं झाकण कापून काढलं, पाणी झटकलं आणि माझ्या नाकाशी धरलं. आत चांदणीच्या आकारात नारिंगी रंगाच्या पाच पट्ट्या. खायच्या त्या एवढ्याच. काढून टाकलेल्या झाकणाला पाच दातांचा एक जबडा होता, वर टोकाशी जमलेला. अरिस्टॉटलने त्याच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथात या प्राण्याची तुलना कंदिलाशी केली, म्हणून शास्त्रज्ञ आजही या जबड्याला अरिस्टॉटलचा कंदील म्हणतात. कोळी म्हणाला, हे जांभळे म्हणजे माद्या, खायच्या. तुला चावला तो काळा, नर, बिनकामाचा. भूमध्य समुद्राच्या काठाला सगळीकडेच कोळी असं सांगतात. खरं तर त्या दोन निराळ्या जाती आहेत आणि दोन्हींत नर-माद्या असतात. हे मी बायकोला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, “कोळ्याचं ऐकूया. नर बिनकामाचा, हे मला पटतंय.” मी लिंबू पिळून दोन पट्ट्या खाल्ल्या. खारट, मग गोडसर, मग पुन्हा समुद्र. सूड म्हणून ठीक आहे. तिसरी मागितली नाही.

राहिलेली सुट्टी भाच्याच्या आज्ञेप्रमाणे गेली. मी खुर्चीत पडून होतो. तावलीत कोण हरणार ते सांगू लागलो, आणि माझं चुकलं की म्हातारे खूश होत. एकदाच बाहेर पडलो, तो गावाच्या दक्षिणेला कालामित्सीच्या बाजूला पॅट्रिक ली फर्मर या इंग्रज लेखकाचं घर बघायला. हा गृहस्थ 1933 च्या डिसेंबरात, अठराव्या वर्षी, हॉलंडहून इस्तंबूलपर्यंत पायी निघाला. 1944 मध्ये क्रीट बेटावर त्याने साथीदारांसह एक जर्मन जनरल पळवून नेला. 1984 मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, हेलेस्पाँटची सामुद्रधुनी पोहून पार केली. मधल्या काळात इथे घर बांधलं. 2011 मध्ये तो वारला. घर आता अथेन्सच्या बेनाकी संग्रहालयाकडे आहे. तिथलं अंगण गोटे बसवून केलेल्या नक्षीचं आहे. मार्गदर्शक बाई त्या गोट्यांविषयी कौतुकाने बोलत होत्या. मी माझ्याएवढंच वय असताना सामुद्रधुनी पोहणाऱ्या त्या माणसाचा फोटो बघत होतो, आणि बायको माझ्याकडे बघत होती. ती काही बोलली नाही. पोटरीवर चापट मारली.

पुण्यात आल्यावर डॉक्टरांनी टाच दाबून बघितली आणि राहिलेले तुकडे शरीर आपोआप जिरवेल किंवा बाहेर टाकेल, असं फार्मसीवाल्या बाईंचंच म्हणणं वेगळी फी घेऊन सांगितलं. तसं झालंही. नायटा झाला नाही.

कोणी जाणार असेल तर सप्टेंबरात जा, गर्दी ओसरलेली असते आणि पाणी तापलेलं असतं. अथेन्सहून कालामाताला बस भरपूर आहेत, पुढे गावाकडे कमी, म्हणून वेळापत्रक आधी बघा. डोंगराच्या बाजूची सीट वांती होणाऱ्याला द्या. आणि सामानात एक बारीक सुई टाका, नऊ नंबरची. दोरा नसला तरी चालेल.